परमुलखाचें दान आणि आपल्या गांवचें तळें

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत आम्हीं कांहीं लिहावें, असा आग्रह महोत्सव-समितीच्या मंडळींनीं केला. मंदिराच्या उभारणीचा व आजवरच्या धर्मगुरूंच्या सेवेचा वृत्तांत अन्य लेखकांनीं या अंकांत दिलाच आहे. त्याची पुनरुक्ति करण्यापेक्षां, ज्या एका प्रश्नाविषयीं गेलें वर्षभर आपल्या सभांतून पुष्कळ बोलणें झालें, त्याचा मागचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, हें आम्हांस अधिक उपयुक्त वाटलें. प्रश्न असा कीं, महोत्सवाचें चिरस्मरण म्हणून गांवच्या जुन्या तळ्याचा गाळ काढून त्याची पाळ नीट बांधून घ्यावी, आणि त्या कामीं परदेशांतील एखाद्या साह्यसंस्थेकडे अनुदानासाठीं अर्ज करावा कीं करूं नये?

“अर्ज फादरांनीं लिहावा, पुढचें आम्ही पाहूं,” असें अनेक बांधवांनीं आम्हांस सांगितलें. यांतील पहिला भाग आम्हांस अवघड नाहीं. गेल्या पंचवीस वर्षांत असे अर्ज आम्हीं पुष्कळ लिहिले. कांहीं मान्य झाले, कांहीं अमान्य झाले. दुसऱ्या भागाविषयीं मात्र आमच्या मनांत शंका आहे. आणि त्या शंकेचें मूळ जसें इतिहासांत आहे तसें आमच्या स्वतःच्या एका चुकींतहि आहे. दोन्ही गोष्टी येथें मोकळेपणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तळें बांधलें कोणीं?

ज्या तळ्यासाठीं हा विचार चालला आहे, त्याच्या कुळाकडे आधीं पाहूं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु तलावांचा मुलूख म्हणून या दोहोंची ख्याति त्याहून कितीतरी जुनी आहे. गोंड राजांच्या अमलांत जो कोणी तळें बांधील त्यास त्या पाण्यानें भिजणारी जमीन मिळे, असा रिवाज होता असें सांगतात. कोहळी समाजाच्या लोकांनीं या कामीं असामान्य कौशल्य दाखविलें. दोन टेकड्यांमधला उतार हेरावा, तेथें मातीची पाळ घालावी, सांडव्यासाठीं खडकाची जागा निवडावी, आणि एका तळ्यांतून उतू गेलेलें पाणी खालच्या दुसऱ्या तळ्यांत उतरावें अशी सांखळी रचावी, हें सारें त्यांनीं यंत्रावांचून साधलें. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या सुमारास कोलू पाटील कोहळी यानें बांधला, अशी परंपरा आहे. पूर्व विदर्भांत अशा मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. लहान बोड्या तर वेगळ्याच.

या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजत, पावसानें ओढ दिली तरी रोवणी साधे, ढिवर बांधव मासे धरीत, गुरेंढोरें तहान भागवीत. मालगुजार हा कांहीं देवदूत नव्हता. त्याच्या सत्तेंत जुलूमहि होता व वेठहि होती. तथापि उन्हाळ्यांत गाळ काढणें व पाळीवर माती चढविणें हें गांवाचें दर वर्षाचें काम असे. त्या वेळीं आपला भाग मध्यप्रदेश राज्यांत मोडत होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, १९५१ सालीं तो अमलांत आला, आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हें न्यायाचेंच झालें. परंतु तिच्याबरोबर तळ्याची काळजी वाहणारी व्यवस्थाहि गेली, आणि तिच्या जागीं दुसरी व्यवस्था नीटशी उभी राहिली नाहीं. गाळ सांचत गेला, कांठावर बेशरमीचीं झुडपें माजलीं, सांडवे फुटले. आज जो गाळ काढण्यासाठीं आपण समुद्रापलीकडे पाहूं लागलों आहों, तो दोन पिढ्यांच्या हयगयीचा गाळ आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

परमुलखाचा पैसा कोणाचा?

आतां देणाऱ्याकडे वळूं. परदेशी पैसा म्हटला म्हणजे तो कोणा धनाढ्याच्या तिजोरींतून निघाला असावा, अशी आपल्यांतील बहुतेकांची समजूत असते. ख्रिस्तसभेचा इतिहास तसें सांगत नाहीं. जेरुसलेमांतील गरीब बांधवांसाठीं संत पौलानें मॅसेडोनिया व करिंथ येथील श्रद्धावंतांकडून वर्गणी जमविली, ती एका देशानें दुसऱ्या देशास केलेल्या साह्याची आपल्या परंपरेंतील पहिली मोठी गोष्ट होय. मॅसेडोनियाचे लोक स्वतः गरिबींत होते, तरी त्यांनीं आपण होऊन दिलें, हें पौलानें मुद्दाम नमूद केलें आहे. आणखी एक गोष्ट त्यानें केली, ती आमच्यासारख्या धर्मगुरूंनीं विसरूं नये अशी आहे. तो पैसा त्यानें एकट्यानें नेला नाहीं. कोणास बोट दाखविण्यास जागा राहूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेले विश्वासू सोबती बरोबर घेतले. हिशेब तपासणाऱ्याचा राग येणाऱ्या प्रत्येकानें करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय एकदां वाचावे.

पुढें १८२२ सालीं फ्रान्स देशांतील लियों नगरीं पोलिन जारिको नांवाच्या तरुणीच्या प्रयत्नांतून श्रद्धाप्रसाराची संस्था निघाली. रेशमाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांकडून आठवड्यास एक सू, म्हणजे तांब्याचें एक क्षुल्लक नाणें, ती घेई; दहा-दहा माणसांचे गट करून त्यांतील एकावर तें गोळा करण्याचें काम सोपवी. या तांब्याच्या नाण्यांवर जगभरचीं मिशनें उभीं राहिलीं. त्या स्त्रीला २२ मे २०२२ रोजीं लियों येथेंच धन्यवादित घोषित करण्यांत आलें. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हां या भागांत कार्य करणारे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू त्याच देशाच्या सॅव्हॉय मुलखांतून आलेले होते.

त्यानंतर लवकरच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले, आणि त्यांत मध्यप्रांत अक्षरशः होरपळून निघाला. पहिल्या दुष्काळांत लंडनच्या लॉर्ड मेयरनें निधि उभारला. दुसऱ्यांत अमेरिकेंतील सामान्य वर्तमानपत्र-वाचकांच्या वर्गणीवर मक्यानें भरलेलें ‘क्विटो’ नांवाचें जहाज न्यूयॉर्कहून मुंबईस आलें. हें साह्य भुकेलेल्यांस जगविण्यासाठीं होतें. त्यासाठीं गांवकऱ्यांनीं अर्ज केला नव्हता आणि करण्याची त्यांच्यांत शक्तीहि नव्हती. मरणाच्या दारीं असलेल्यास घांस द्यावा, त्यास अटी सांगूं नयेत. परंतु घांस देणें आणि गांव उभें करणें या दोन कामांचे नियम वेगळे आहेत, हें ओळखण्यास जगाला आणखी अर्धें शतक लागलें.

ग्रामविकासाची पहिली परीक्षा

स्वतंत्र भारतानें गांवें उभीं करण्याचा मोठा उद्योग आरंभिला, तो परदेशी साह्यासहच. ५ जानेवारी १९५२ रोजीं भारत व अमेरिका यांच्यांत तांत्रिक सहकार्याचा करार झाला, आणि त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला, महात्माजींच्या जयंतीच्या दिवशीं, ५५ ठिकाणीं सामूहिक विकासाच्या योजना सुरू झाल्या. फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें ग्रामसेवकांच्या शिक्षणासाठीं द्रव्य दिलें. रस्ते झाले, विहिरी झाल्या, बियाणें आलें. पांच वर्षांनीं बलवंतराय मेहता यांच्या समितीनें या कार्याची तपासणी केली. १९५७ च्या तिच्या अहवालाचा मथितार्थ असा कीं, लोकांच्या अंगचा पुढाकार जागा करण्यांत ही योजना कमी पडली. सबब सत्ता व जबाबदारी लोकांनीं निवडलेल्या संस्थांकडे दिली पाहिजे. आपल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा जन्म या विचारांतून झाला; महाराष्ट्रांत त्या १ मे १९६२ पासून कामास लागल्या.

याच काळांत आपल्या समाजास झोंबणारी एक गोष्ट घडली, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९५४ च्या एप्रिल महिन्यांत मध्यप्रदेश सरकारनें, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यास समिति नेमली. १९५६ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळा, दवाखाने व परदेशी पैसा यांचा उपयोग धर्मांतरासाठीं केला जातो, असा ठपका तींत होता. आपल्या धर्माधिकाऱ्यांनीं त्याचा निषेध केला, आणि ज्या पाद्र्यांनीं व भगिनींनीं महारोग्यांच्या जखमा धुतांना जात-धर्म विचारला नव्हता, त्यांचीं मनें दुखावलीं. आम्हांसहि तो निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. परंतु त्यांतला एक प्रश्न, म्हणजे हा पैसा कोणाचा, कोणासाठीं आणि कोणत्या हेतूनें, हा विचारण्याचा शेजाऱ्यास अधिकार आहे. आपण तो आधीं स्वतःला विचारला, तर दुसऱ्यानें विचारल्यावर मान खालीं घालावी लागणार नाहीं.

उपवासाचें द्रव्य

१९५८ सालीं जर्मनीच्या बिशपांनीं, कलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांच्या प्रेरणेनें, ‘मिझेरिओर’ ही संस्था सुरू केली. युद्धांत बेचिराख झालेल्या त्या देशाला उभें राहून तेरा वर्षेंच झालीं होतीं. प्रायश्चित्तकाळांत आपल्या ताटांतलें कमी करून वांचलेला पैसा जगांतील भूक व रोग यांच्या निवारणार्थ द्यावा, अशी ती कल्पना होती. १९६२ पासून जर्मन सरकारहि चर्चच्या अशा संस्थांमार्फत द्रव्य देऊं लागलें. त्याच वर्षीं आपल्या देशांत ‘कारितास इंडिया’ निघाली. १९६४ च्या डिसेंबरांत परमगुरू सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हां शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा अंश काढून गरीब राष्ट्रांसाठीं एक जागतिक निधि उभारावा, असें आवाहन त्यांनीं तेथून केलें. आणि १९६७ च्या राष्ट्रांच्या विकासाविषयींच्या विश्वपत्रांत त्याचा पुनरुच्चार केला. त्याच पत्रांत त्यांनीं असेंहि शिकविलें कीं, प्रत्येक मनुष्य व प्रत्येक राष्ट्र हें आपल्या उन्नतीचें मुख्य शिल्पकार स्वतःच असलें पाहिजे. पहिलें वाक्य आपल्या सभांतून फार वेळां सांगितलें गेलें, दुसरें क्वचितच.

मध्यंतरीं १९५४ च्या अमेरिकन कायद्याखालीं गहूं, तेल व दुधाची भुकटी यांचा ओघ देशांत सुरू झाला, आणि मिशनांच्या द्वारें तो अनेक गांवांपर्यंत पोंचला. त्यानें मुलांचीं पोटें भरलीं, हें उपकार विसरण्यासारखे नाहींत. पण मिशनच्या दारीं रांग लावण्याची एक संवयहि त्यानें लावली. धान्य येणें थांबलें, संवय राहिली.

आमची चूक

आतां आमची गोष्ट. दीक्षा होऊन थोडींच वर्षें झालीं असतां आमची नेमणूक एका लहान गांवीं झाली. तेथें बायकांनीं उन्हाळी भाजीपाला लावावा म्हणून विहीर व पाण्याचें इंजिन यांसाठीं आम्हीं परदेशांतील एका संस्थेस अर्ज केला. सेमिनरींत शिकलेली सगळी भाषा त्यांत ओतली. गरज सांगितली, अंदाजपत्रक जोडलें, आणि शेवटीं लिहिलें कीं, खर्चाचा चौथा हिस्सा गांवकरी श्रमानें देतील व पुढची देखभाल त्यांचीच समिति करील. ती समिति आम्हीं त्या रात्रीं टेबलाशीं बसून, सात नांवें लिहून, निर्माण केली. त्या सातांपैकीं कोणासहि आम्हीं विचारलें नव्हतें.

पैसा आला. विहीर ठेकेदारानें खणली. इंजिन बसलें, त्यास आशीर्वाद झाला, छायाचित्र निघालें. दुसऱ्या उन्हाळ्यांत तें बिघडलें. कांहीं आठवड्यांनीं एक म्हातारे गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन मोठ्या अदबीनें म्हणाले, “फादर, तुमचा इंजिन बंद पडला जी.” ‘तुमचा’ हा एकच शब्द आमच्या सात पानांच्या अर्जाचा खरा अहवाल होता. त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच तें इंजिन आमचें वाटत होतें, आणि तें तसेंच होतें.

याहून वाईट गोष्ट पुढें आहे. त्या संस्थेचें पत्र आलें कीं, कामाचा अखेरचा वृत्तांत व छायाचित्र पाठवा. आम्हीं पहिल्या वर्षाचें छायाचित्र पाठविलें. हिरवे वाफे, हंसऱ्या बायका आणि पाण्याची धार. त्यांत एकहि गोष्ट बनावट नव्हती, आणि तरीहि तें असत्य होतें. पुढें मनास चैन पडेना, तेव्हां वर्षभरानें आम्हीं सर्व हकीकत लिहून कळविली. उत्तरांत रागाचा शब्द नव्हता. त्यांत एवढेंच विचारलें होतें कीं, अर्ज लिहिण्यापूर्वीं त्या बायकांना तुम्हीं काय विचारलें होतें? त्या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. कोणा तरी परक्या कुटुंबानें प्रायश्चित्तकाळांत ताटांतलें काढून ठेवलेलें तें द्रव्य होतें, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम जाणवलें.

जेथें काम टिकलें

मग टिकाऊ काम कोठें झालें, याचा शोध घेतां घेतां आम्ही अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अनुभवापाशीं येऊन पोंचलों. आपल्याकडे पडतो त्याच्या निम्म्याहूनहि कमी पाऊस तेथल्या पुष्कळ गांवांत पडतो. तेथें येशूसंघाचे स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनीं अनेक वर्षें शेतकऱ्यांत काढलीं. त्यांच्या पुढाकारानें १९८९ सालीं भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आरंभिला गेला. पैसा जर्मन सरकारचा, तो हाताळणारी संस्था आपल्या देशाची ‘नाबार्ड’ बँक, आणि काम गांवाचें. १९९३ सालीं गांवांस या कामाचें शिक्षण देण्यासाठीं ‘वॉटर’ नांवाची स्वतंत्र संस्थाहि निघाली.

या कार्यक्रमाची रीत पाहण्यासारखी आहे. गांवानें ठराव केला म्हणजे लगेच पैसा मिळत नसे. आधीं घरटीं चार दिवसांचें श्रमदान करून दाखवावें लागे. डोंगरावर कुऱ्हाड चालविणार नाहीं व गुरें मोकाट सोडणार नाहीं, हें सर्वांनीं कबूल करावें लागे. ग्रामसभेनें आपली समिति निवडावी, तिच्या नांवें बँकेंत खातें असावें, आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे करीत यावें. प्रारंभीं लहानशा क्षेत्रावर काम करून गांव आपली पात्रता सिद्ध करी. मगच मोठ्या कामासाठीं अनुदान. चालू कामांतहि मजुरीचा ठरीव भाग श्रमदान म्हणून सोडावा लागे. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीस पूर्वीं उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पोंचवावें लागे. १९९६ पासून पांच वर्षें तेथें अशा रीतीनें काम झालें, आणि गांव टँकरमुक्त झालें. फादर बाखर २०२१ सालीं स्वित्झर्लंडमध्यें प्रभुवासी झाले. त्यांच्या मागें गांवांच्या समित्या राहिल्या.

ही अट म्हणजे देणाऱ्याचा कंजूषपणा नव्हे, हें लक्षांत घ्यावें. चार दिवस घाम गाळलेला मनुष्य त्या बांधाला ‘तुमचा’ म्हणत नाहीं. शिवाय कोणत्या गांवांत एकी आहे आणि कोणत्या गांवांत ती केवळ कागदावर आहे, हें चार दिवसांत जसें कळतें तसें चाळीस पानांच्या अर्जावरून कळत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतहि याची साक्ष मिळते. रोम येथील आंतरराष्ट्रीय कृषि विकास निधीच्या कर्जसाह्यानें महिला आर्थिक विकास महामंडळानें ‘तेजस्विनी’ हा कार्यक्रम २००७ पासून २०१८ पर्यंत राज्याच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत, अर्थात गोंदियांतहि, चालविला. तेथेंहि पाया बायकांच्या स्वतःच्या बचतीचा होता. आधीं गटांत आपली रक्कम नियमानें टाकावी, आपसांत कर्ज द्यावें व फेडावें, आणि मग बँकेच्या दारीं जावें. आपल्या धर्मग्रामांतील ज्या भगिनी बचतगटांत आहेत, त्यांना हा धडा आमच्यापेक्षां चांगला पाठ आहे. म्हणूनच तळ्याच्या समितींत त्यांचें स्थान पहिलें असावें, असें आमचें मत आहे.

आजचा कायदा आणि आपला अर्ज

आतां कायद्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण “फादरांनीं एक पत्र टाकलें कीं पैसा येतो” ही समजूत अजून पुष्कळांच्या मनांत आहे. परदेशांतून येणाऱ्या देणग्यांवर नियंत्रण घालणारा पहिला कायदा १९७६ सालीं झाला. त्याच्या जागीं २०१० चा विदेशी अंशदान विनियमन कायदा १ मे २०११ पासून आला, आणि २०२० च्या सप्टेंबरांत तो आणखी कडक झाला. केंद्रीय गृहखात्याकडे नोंदणी झालेल्या अथवा त्याची पूर्वपरवानगी घेतलेल्या संस्थेसच असा पैसा घेतां येतो. नोंदणी मागणारी संस्था निदान तीन वर्षांची असावी आणि त्या अवधींत तिनें आपल्या कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, असा नियम आहे. नोंदणी पांच वर्षांची असते. पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लींतील मुख्य शाखेच्या खात्यांतच यावा लागतो. कार्यालयीन खर्च शेंकडा २० हून अधिक करतां येत नाहीं; पूर्वीं ही मर्यादा ५० होती. आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवितां येत नाहीं. दर वर्षीं हिशेब तपासून सरकारास सादर करावा लागतो.

यांतला दुसरीकडे न वळविण्याचा नियम आपणांस विशेष लागू आहे. पूर्वीं मोठ्या संस्थेनें पैसा घ्यावा व खेड्यांतील लहान मंडळास द्यावा, अशी वहिवाट होती. ती आतां बंद झाली. म्हणून आपल्या तळ्याचें काम परदेशी साह्यानें करावयाचें तर नोंदणी असलेल्या संस्थेनेंच तें स्वतः हातीं घ्यावें लागेल, आणि आपण तिचे सहकारी व्हावें लागेल. हे नियम जाचक आहेत, आणि लहान संस्थांस त्यांचा भार झेपत नाहीं, असें आमचेंहि मत आहे. तथापि पौलानें सोबती कां घेतले, हें आठवलें म्हणजे हिशेबाच्या भागाविषयीं तक्रार करवत नाहीं.

दुसरें असें कीं, तळें कॅथॉलिकांचें नाहीं. तें सरकारच्या मालकीचें असून साऱ्या गांवाच्या उपयोगाचें आहे. त्याचें पाणी कोहळ्याच्या, पोवाराच्या, गोंडाच्या, महाराच्या, सर्वांच्या बांधींत जातें, आणि मासे ढिवर धरतात. तेव्हां अर्जास ग्रामसभेचा ठराव हवा, लघु पाटबंधारे विभागाची अनुमति हवी, ढिवरांच्या सहकारी संस्थेची संमति हवी. आपण गांवाच्या वतीनें मागणार असूं, तर गांवानें आपणांस तसें सांगितलें पाहिजे. हें झालें नाहीं, तर १९५६ सालचा तो जुना प्रश्न पुन्हां आपल्या दारीं येईल, आणि या वेळीं तो विचारणाऱ्याचें चुकलें असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं.

आमची सूचना

सबब आम्ही महोत्सवाच्या या प्रसंगीं एक सूचना करतों. अर्ज लिहिण्यास आम्ही तयार आहों. परंतु आज नव्हे. येत्या प्रायश्चित्तकाळांत, धानाची मळणी आटोपून तळ्याचें पाणी खालीं गेलें असतां, घरटीं एका माणसानें चार दिवस तळ्यावर यावें. आरंभ आपल्या कुटुंबांनीं करावा आणि शेजाऱ्यांस आदरानें बोलवावें. आम्हीहि घमेलें घेऊन येऊं. वयोमानानें आमचें घमेलें लहान असेल, एवढी सवलत मिळावी. निघालेला गाळ ज्यानें त्यानें आपल्या शेतांत न्यावा, म्हणजे श्रमाचें पहिलें फळ लगेच पदरीं पडेल. किती घरें आलीं, किती दिवस आलीं, कोण आलें नाहीं व कां, याची नोंद बचतगटाच्या भगिनींनीं ठेवावी. पाचव्या दिवशीं मंदिराच्या पडवींत बसून सर्वांसमक्ष आम्ही अर्जाचें पहिलें वाक्य लिहूं, आणि त्यांत जी नांवें येतील ती तेथें हजर असलेल्यांचींच असतील.

अर्ज नामंजूर झाला तर? तसें होऊं शकतें. देणाऱ्यांपुढें आपल्याहून अधिक गरजू मागणारे उभे असतात. परंतु चार दिवसांचा गाळ तर निघालेला असेल, आणि त्या पावसाळ्यांत तेवढें पाणी अधिक सांठेल. थेंबे थेंबे तळें सांचे, ही म्हण ज्या मुलखांत खऱ्या तळ्यांवरून समजते, तेथल्या लोकांस याहून अधिक काय सांगावें!

पांच हजारांच्या समुदायास जेवूं घालण्यापूर्वीं प्रभूनें आपल्या शिष्यांकडे असलेल्या भाकरी किती, हें विचारून घेतलें. त्याला त्या पांच भाकरींची गरज नव्हती. देण्याची गरज शिष्यांना होती. तळें राखी तो पाणी चाखी, असें आपले लोक राखणाऱ्याच्या लहानशा लाभाकडे बोट दाखवून म्हणतात. आम्ही ती म्हण या महोत्सवापुरती उलटी वाचतों: ज्याला पाणी चाखावयाचें आहे, त्यानें तळें राखावें. मागें एका गांवीं आम्हीं न विचारतां सात नांवें लिहिलीं होतीं. आपल्या गांवीं तीं नांवें विचारून लिहिण्याची संधि आम्हांस द्यावी, एवढीच आपणांस विनंति आहे.

प्रभूची शांति आपणां सर्वांच्या घरीं नांदो.

आपला ख्रिस्तसेवेंतील,
धर्मग्रामगुरू